रीळखात्यातला माठ

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला सदू हल्ली फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत आहे. मध्यंतरी त्याला साहेबाने आठ दिवस कसल्याशा वर्गाला पाठवलं होतं. तिथून आला तो थेट माझ्या आरामखुर्चीपाशी. "काका, कामात वाया काय जातं हे ओळखण्याचं शास्त्र आहे. आधी नुसतं बघायचं, मग लिहायचं, मग जे नको ते काढून टाकायचं. एफिशियन्सी म्हणतात."

मी म्हटलं, "शास्त्र आहे होय? चाळीस वर्षांपूर्वी मी ते लालबागेत पगडी घालून केलंय."

म्हातारा फुशारकी मारतोय असं त्याला वाटलं. मारतच होतो. पण तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. कारण मी ते शास्त्र केलं त्यात एक पोर गेलं. तीन-साडेतीन महिन्यांचं. ते कसं गेलं हे मी आजवर कुणालाही सरळ सांगितलेलं नाही, ज्या माणसाला सांगायलाच हवं होतं त्यालाही नाही. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गिरणीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती येतील, त्यांचा शब्द मी मोडणार नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या पोराचं.

प्लेगच्या आधीची तीन-चार वर्षं. मी लालबागेतल्या एका गिरणीत टायमकीपर होतो. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीच्या अलीकडच्या गल्लीत. घोड्याच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत जायचं आणि पुढे पायी. काम म्हणजे फाटकावर उभं राहून कोण उशिरा आलं ते टिपायचं. सकाळचा तास-दीड तास घाईचा, मग दिवसभर माशा मारायच्या. कामगार मला मास्तर म्हणायचे. ते कुणालाही मास्तर म्हणायचे, त्यात माझं काही नव्हतं.

गिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सूतखात्यात सूत कातलं जातं ते लाकडी बाबिनींवर. पण बाजारात बाबिनी विकत नाहीत, सुताच्या लडी विकतात. आमचं बरंचसं सूत तर आगबोटीने चीनला जाई. तेव्हा बाबिनीवरचं सूत उलगडून त्याच्या लडी करायच्या, हे काम रीळखात्याचं. रीळ म्हणजे आडवा लांबट रहाट, त्याच्याखाली ओळीने बाबिनी. रहाट फिरला की सूत त्याच्यावर चढतं. मध्येच धागा तुटला की रीळ थांबवायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू. हे सगळं बायका करायच्या. पन्नास-साठ बायका असतील, बहुतेक रत्नागिरी-मालवणाकडच्या. पगार लडींच्या वजनावर. जितकं सूत तितका पगार.

आणि या सगळ्यात जे सूत वाया जाई त्याचा गुंता मागच्या आवारात ढीग करून टाकत. एके दिवशी सूतखात्याचे साहेब त्या ढिगासमोर उभे राहिले. लँकेशायरचे होते, तांबडेलाल, आवाज मोठा. त्यांनी आजूबाजूला रिकामा माणूस कोण आहे ते पाहिलं. मीच होतो. खिशातलं जादा घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि आपल्या हिंदुस्थानीत म्हणाले, "बाबू, देखो. बोलो मत. खाली देखो."

मग मी देखो लागलो. आठ दिवस त्या ढिगाकडे बघत होतो. सकाळी किती, दुपारी किती, काठीने मापत होतो. शहाणा माणूस करणार नाही असं काम मी मोठ्या ऐटीत करत होतो. नवव्या दिवशी रीळखात्याच्या दारातून एक बाई म्हणाली, "मास्तर, ढिगाकडे काय बघतात? ढीग काय सांगतलो? हातांकडे बघा."

ही सगुणाबाई. मालवणाकडची, चाळिशी उलटलेली, विधवा. खात्यात सगळ्यांत जुनी. बायकांवर देखरेख करणारी नायकीण दुसरीच होती, पण बायका ऐकायच्या सगुणाबाईचं. शेजारच्या रिळावर तिची सून, द्वारकी. मुलगा बोटीवर खलाशी, सहा-सहा महिने घरी नसायचा. सासू-सुना गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत राहायच्या.

सगुणाबाईने मला हातांकडे बघायला शिकवलं. मी आज जो काही शहाणा म्हणवतो तो तिच्यामुळे. तिने दाखवलं की मागच्या भिंतीकडच्या बायका तुटलेलं टोक शोधताना वीत-दीड वीत सूत ओढून फेकतात आणि दाराकडच्या बायका बोटभरच. मला वाटलं, मागच्या आळशी असतील. ती हसली. "उजेड खय असा?" म्हणाली. मागच्या खिडक्यांवर कापसाच्या कसपटांचा आणि धुराचा एवढा थर होता की भरदिवसा तिकडे संध्याकाळ. बायांना टोक दिसतच नव्हतं. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, विचारलं तर तो म्हणाला, खिडक्या झाडूवाल्याच्या. झाडूवाला म्हणाला, माझं काम जमिनीवरचं, भिंत माझी नाही. अशा त्या खिडक्या किती वर्षं कुणाच्याच नव्हत्या. मी दोन गडी लावून त्या धुऊन घेतल्या आणि पंधरा दिवसांत ढीग डोळ्यांना दिसेल इतका खाली बसला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, ती तीन दिवस दुखत होती.

मला चटकच लागली. जिथं तिथं मला वाया जाणारं दिसायला लागलं. घरी आमच्या कुटुंबाला मी चुलीपासून हंडा किती पावलं लांब आहे ते मोजून दाखवलं. तिने हंडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ठेवा हव्या तिथं, आणि रोज भरा." त्यावर मी घरातलं मोजणं बंद केलं.

गिरणीत मात्र चालू होतं, आणि तिथं मला सापडले काट्यावरचे केशवराव. सूतखात्यातून बाबिनींच्या टोपल्या निघायच्या त्या आधी आवारातल्या काट्यावर वजन होऊन मग रीळखात्यात यायच्या. केशवराव हे गृहस्थ टोपल्या आल्या तशा तोलत नसत. सगळ्या जमू देत, मग तंबाखूची चिमूट लावून एकदम बसत. आणि प्रत्येक टोपली दोनदा तोलत. एकदा तोलली, उतरवली, पुन्हा चढवली. मी विचारलं, हे का? म्हणाले, "काटा अडकतो." कधी अडकला होता? तर फार वर्षांमागे एकदा पावसाळ्यात. तेव्हापासून ते काट्यावर विश्वास ठेवत नव्हते, आणि गिरणीतल्या एकाही माणसाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.

याचा परिणाम असा की सकाळी नऊच्या सुमाराला आणि दुपारी तीनच्या सुमाराला रीळखात्यातल्या बाबिनी संपायच्या. नव्या टोपल्या केशवरावांपाशी अडकलेल्या. रिळं थांबायची. साहेबांच्या घड्याळाप्रमाणे अर्धा तास, कधी पाऊण तास. आणि त्या वेळात काही बायका मागच्या दाराने दिसेनाशा व्हायच्या. सगळ्या नाही, पाच-सहाच. त्यात द्वारकी नेहमी.

मी एकदोघींना विचारलं, "कुठं जाता?"

"पाणी प्यायला."

मी लिहून घेतलं: पाणी, पाऊण तास. मनात हसलो. पाणी प्यायला पाऊण तास लागत नाही हे मला कळत होतं, मी काही बावळट नव्हतो. नळ मागच्या फाटकाशी, तिथं घोळका करून गप्पा मारत असतील, असं मी धरलं. सगुणाबाईला विचारलं. जी बाई मला सगळं दाखवायची, तिने त्या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या रिळावर हात फिरवत म्हणाली, "पाणी पितत. नळ लांब असा." मला हे तेव्हाही जाणवलं होतं. पण मी पाणी लिहिलं होतं, आणि लिहिलेलं मला आवडायचं.

मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत नामी काम केलं. केशवरावांना साहेबांचा हुकूम आणून दिला की टोपली आली की तोलायची, आणि एकदाच. टोपल्या आणण्यासाठी मधलं बंद असलेलं छोटं दार उघडून घेतलं. आणि रीळखात्याच्या कोपऱ्यात, तिवईवर, पाण्याचा मोठा माठ ठेवला. म्हणजे दोन ठेवले. दोन कशासाठी ते त्या वेळच्या माणसाला सांगावं लागत नसे आणि आजच्या माणसाला सांगायची मला लाज वाटते. ओगराळ्याने वरून पाणी घालायला एक पाणक्या नेमला. दुसऱ्या दिवसापासून बाबिनी सतत येऊ लागल्या, रिळं सतत चालू, आणि पाण्यासाठी कुणाला खात्याबाहेर पाऊल टाकायला नको. चालू रीळ सोडून जाणं तर शक्यच नव्हतं. बाबिनी हजर असून रीळ उभं दिसलं की जॉबर फाटकावर बसलेल्या बदलीवाल्या बाईला बोलावून त्यावर उभी करी, आणि मग ते रीळ परत मिळेल याचा नेम नसे.

कायद्याने बायकांना मधली सुट्टी ठरवून दिली होती, आणि आमच्या गिरणीत दुपारचा अर्धा तास सोडला तर उरलेली सुट्टी या खोळंब्यातच धरली जात होती, हे मला फार पुढे कळलं. मला वाटत होतं मी वाया गेलेला वेळ वाचवला. मी त्यांची सुट्टी उचलून नेली होती.

साहेब खूष झाले. घड्याळ त्यांनी मला देऊनच टाकलं. बायकांचाही पगार वाढला, कारण लडी वाढल्या. दोघीतिघींनी मला तसं बोलूनही दाखवलं. द्वारकी मात्र बोलली नाही. मान खाली घालून ती पूर्वीपेक्षा भरभर गाठी मारत होती, आणि तिच्या चोळीवर पदर कायम ओढलेला असे. हे मी पाहिलं होतं. साहेबांनी मला देखो म्हटलं होतं, आणि देखायला मी चांगलाच शिकलो होतो.

त्या वेळी आमच्याकडे आमचा थोरला सहा महिन्यांचा होता. मी घरी आलो, जेवायला बसलो आणि माठाची हकीकत मोठ्या रंगात सांगितली. ही पोराला पदराखाली घेऊन भिंतीशी बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि त्या बायकांत कुणाला अंगावरचं पोर नाही?"

"असेल की."

"मग ते पितं केव्हा?"

"असेल घरी कुणी म्हातारी सांभाळायला."

"म्हातारीला दूध येतं?"

मी भात कालवत राहिलो. ती पोराला दुसऱ्या अंगाला घेऊन पाठ फिरवून बसली. मला राग आला होता. आपण एवढं केलं आणि घरात कौतुकाचा शब्द नाही, असा तो राग. एक-दोन दिवस तिचा तो प्रश्न डोक्यात होता. मग नव्हता.

त्या मागच्या चाळीवरून मी रोज जात असे. पूर्वी तिथं पोरांच्या रडण्याचा कलकलाट असायचा. आता सकाळी तिथून जाताना शांत वाटायला लागलं. मला ते बरंच वाटलं. मी काट्यापाशी केशवरावांना म्हटलंही, चला, चाळीला जरा वळण लागलं.

मग एक दिवस सकाळी साडेदहाच्या सुमाराला मागच्या फाटकाशी आरडाओरड झाली. चाळीतली एक बाई आत यायला बघत होती आणि दरवान सोडत नव्हता. शेवटी निरोप टोपलीवाल्याबरोबर आत आला. त्याने द्वारकीच्या कानाशी काहीतरी सांगितलं. द्वारकी पळत सुटली. रीळ चालूच राहिलं, एक धागा तुटला, दुसरा तुटला, सूत खाली येऊन गुंतायला लागलं. सगुणाबाईने आधी आपलं रीळ थांबवलं. मग सुनेचं थांबवलं. तिची तुटलेली टोकं शोधून तिने ती एकेक बाजूला लावून ठेवली. मग ती गेली.

मी तिथंच उभा होतो. मी काय केलं सांगू? मी घड्याळ पाहिलं. सवय. दहा मिनिटांच्या आत द्वारकीच्या रिळावर बदलीवाली बाई उभी होती. ती चटपटीत व्यवस्थाही आमच्या नव्या शिस्तीतलीच.

काय झालं ते मला केशवरावांकडून कळलं. त्यांना सगळं माहीत असे. पूर्वी नऊला आणि तीनला पोराला पाजायला मिळायचं, दुपारच्या सुट्टीत एकदा, म्हणजे पोर कसंबसं दिवस काढायचं. ते बंद झाल्यावर पोर भुकेने आक्रोश करायचं, आणि सांभाळणाऱ्या शेजारच्या म्हातारीला ते आवरेना. तेव्हा चाळीत सगळ्या जे करायला लागल्या होत्या ते द्वारकीनेही सुरू केलं. सकाळी निघताना मोहरीएवढी अफू नखावर घेऊन पोराच्या जिभेला लावायची. पोर दुपारपर्यंत झोपायचं. त्या दिवशी ते मध्येच जागं झालं. सकाळी दिलेली आहे हे म्हातारीच्या लक्षात नव्हतं, की तिला वाटलं पोटात टिकली नाही, देव जाणे. तिने पुन्हा लावली. पोर झोपलं ते झोपलंच.

"चाळ शांत झालीय म्हणून तुम्हीच म्हणत होतात ना?" केशवराव म्हणाले. ते टोचून बोलत नव्हते. खरंच आठवून म्हणाले. मला तिथं बसवेना.

चौथ्या दिवशी सगुणाबाई कामावर आली. द्वारकी आली नाही. तिला गावी पाठवून दिलं होतं आणि ती पुन्हा कधीच मुंबईला आली नाही. मी दिवसभर खात्याच्या बाहेर घिरट्या घालत होतो. शेवटी संध्याकाळी, भोंगा व्हायच्या आधी, सगुणाबाईच्या रिळाशी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"सगुणाबाई, मला सांगायचं होतंत."

"काय सांगूचा?"

"पोरांना पाजायला जाता म्हणून."

धागा तुटला. तिने रीळ थांबवलं, टोक शोधलं, गाठ मारली. बोटभरसुद्धा सूत वाया गेलं नाही. मग म्हणाली, "तुमी पुरुषमाणूस. गिरगावचे, पगडीवाले. तुमका असला कोण सांगतला?"

"पण मी विचारलं होतं."

"इचारलात. आमी पाणी म्हटला. तुमी पाणी दिलात."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं झालं ते सांगत होती. मी तरी सोडलं नाही. मला कुठूनतरी सुटायचं होतं. मी म्हटलं, "नीट विचारलं असतं, एकटीला बाजूला घेऊन, तर सांगितलं असतंत?"

तिने खरोखर विचार केला. "नाय," म्हणाली. माझा जीव जरा खाली पडला. मग रीळ चालू करता करता ती म्हणाली, "तुमच्या घरकारणीक सांगितला असता."

माझ्या घरकारणीने विचारलं होतं. गिरणीत पाऊल न टाकता, भिंतीशी बसल्या जागी तिने दोन प्रश्न विचारले होते आणि त्यात सगळं होतं. हे मी सगुणाबाईला त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही नाही. आणि घरी जाऊन हिला काय सांगितलं? की रीळखात्यातल्या एका बाईचं पोर तापाने गेलं. ती हळहळली. "कितीचं होतं?" म्हणाली. मी सांगितलं. तिने आमच्या थोरल्याला जवळ ओढलं आणि माठाचं काही विचारलं नाही. आता तिला जाऊन बारा वर्षं झाली. सुरुवातीला म्हटलं ना, ज्या माणसाला सांगायलाच हवं होतं त्यालाही सांगितलं नाही, ते हे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. ठरवून गेलो होतो की नऊला आणि तीनला बायकांना थोडा वेळ सोडायला सांगायचं आणि का ते सांगायचं. साहेब पाइप भरत होते. माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "बोलो, बाबू." आणि मला बोलता येईना. पाजणं, अंगावरचं दूध हे शब्द साहेबासमोर, आणि तेही हिंदुस्थानीत, मला उच्चारताच येईनात. ज्या लाजेपोटी त्या बायका मला पाणी म्हणाल्या, तीच लाज मला साहेबापुढे आडवी आली. मी म्हटलं, "कुछ नहीं, साहेब," आणि बाहेर आलो.

मग जे तोंडाने जमलं नाही ते लबाडीने केलं. केशवरावांकडे गेलो आणि म्हटलं, "पावसाळा जवळ आलाय. काटा अडकेल."

केशवराव माझ्यावर रुसलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता कळलं? मी पहिल्यापासून तेच सांगत होतो."

"तुमचंच बरोबर होतं. टोपल्या सगळ्या जमू द्या. दोनदा तोला. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

"तिसऱ्यांदा तोलू का?"

"दोनदा पुरे," मी म्हटलं. गृहस्थ इतके सुखावले की त्यांनी मला आपल्या डबीतली तंबाखू देऊ केली. छोट्या दाराची कडी मी स्वतः लावली आणि गंजलीय म्हणून सांगत राहिलो. आठवडाभरात नऊला आणि तीनला रिळं पूर्वीसारखी थांबायला लागली. पाच-सहा बायका मागच्या दाराने जायला लागल्या. लडी थोड्या कमी झाल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, मी हवेवर ढकललं. गिरणीत सगळं काही हवेवर ढकलता येतं.

ज्या माणसाला वाया जाणारा वेळ शोधायला नेमलं होतं, त्याने पुढली काही वर्षं दिवसातला दीड तास वाया घालवण्याची चोख व्यवस्था ठेवली. त्याचा मला अभिमान आहे असं सदूला सांगावंसं वाटतं, पण अभिमान नाही. सगुणाबाईच्या शेजारच्या रिळावर दुसरीच बाई उभी असायची आणि मला रोज तिथून जावं लागायचं.

माठ मात्र तसेच राहिले. बायका त्यांचं पाणी प्यायच्या, उकाड्यात बरं वाटायचं. सगुणाबाई तेवढी प्यायची नाही. मे महिन्यात घामाने निथळत असली तरी ती लांबच्या नळावर जायची. पाणक्याने एकदा ओगराळं पुढे केलं तर तिने हाताने बाजूला सारलं. कुणी कारण विचारलं नाही. आम्हा दोघांना ते माहीत होतं.

दोन-तीन वर्षांनी जुने साहेब विलायतेला गेले आणि नवे आले. तरणे, चलाख, आणि खिशात घड्याळ. पहिल्याच आठवड्यात ते मला बरोबर घेऊन सगळ्या खात्यांतून फिरले. नेमके नऊला रीळखात्यात. रिळं उभी, आणि बायका मागच्या दाराने निघालेल्या. साहेबांनी घड्याळ काढलं. मला माझाच हात दिसला.

"ये औरत लोग किधर जाता है?"

सगुणाबाई दोन हातांवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "पानी पीने को, साहेब."

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "पानी तो इधर है."

मी माठाकडे पाहिलं. मग सुचलं. गोरा साहेब कशाला भीत नसला तरी एका गोष्टीत हात घालत नाही, हे मला ठाऊक होतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "जात का मामला है, साहेब. ये पानी उनको नहीं चलता."

साहेबांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खात्याकडे वळले. मी त्यांच्यामागून निघालो. दारातून वळून पाहिलं तर सगुणाबाई पदराने तोंड पुसत नळाकडे चालली होती.

मी साहेबाला साफ खोटं सांगितलं होतं. त्या पन्नास-साठ बायकांपैकी एकीपुरतं मात्र ते खरं होतं.